पॅडलची रॅकेट हाताला बसत नाही? नवी घेण्याआधी या क्रमाने तपासा

पॅडल म्हणजे काचेच्या भिंती असलेल्या कोर्टवर जोडीने खेळायचा, टेनिससारखा खेळ. त्याच्या कोर्टाच्या कडेला उभं असताना कोणीतरी रॅकेट पुढे करतं आणि म्हणतं, "जरा बघा ना, काहीतरी चुकतंय." गेली काही वर्षं हे इतक्या वेळा घडलंय की रॅकेट हातात घेण्याआधीच मला अंदाज येतो. ती हिऱ्याच्या आकाराची, वरच्या बाजूला रुंद असते, तिच्यावर काळा कार्बन असतो आणि घेऊन दोन-तीन महिने झालेले असतात. तक्रारी निरनिराळ्या वाटतात, पण मूळ बहुतेकदा एकच निघतं. रॅकेट निवडताना त्या माणसाच्या डोळ्यांपुढे स्मॅश होता. तासाभरात पुन्हापुन्हा मारावे लागणारे साधे फटके, म्हणजे काचेवरून परत आलेला चेंडू उचलून दिलेला लॉब, टप्पा पडण्याआधी मारलेली छातीसमोरची व्हॉली, मागे सरकत डोक्यावरून कापत मारलेला बांदेहा, हे त्या हिशेबात धरलेच नव्हते.

तरीही मी लगेच "रॅकेट बदला" असं म्हणत नाही. अगदी हीच लक्षणं मेलेल्या चेंडूंमुळे दिसतात, बारीक मुठीमुळे दिसतात आणि आतून फुटलेल्या रॅकेटमुळेही दिसतात. म्हणून माझा तपासण्याचा क्रम ठरलेला आहे. ज्याला काहीच लागत नाही ते आधी आणि ज्याला वेळ, कष्ट किंवा पैसे लागतात ते शेवटी.

लक्षणं

- मागच्या काचेवरून आलेला चेंडू परत लांब जात नाही. लॉब तोकडा पडतो आणि समोरच्याच्या हातात जातो.
- उलट तक्रार: हलकासा धक्का दिला तरी चेंडू थेट समोरच्या काचेवर आदळतो, व्हॉली आत ठेवता येत नाही.
- पहिला सेट चांगला जातो, तिसऱ्यात रॅकेट उशिरा येते. नेटजवळ अंगावर आलेला चेंडू अडवायला वेळच मिळत नाही.
- चेंडू लागताना रॅकेट मुठीत फिरते.
- पूर्वी जोरात बसणारा स्मॅश आता बद्द वाजतो आणि चेंडू जागीच मरतो.
- खेळून झाल्यावर मनगट किंवा कोपराची बाहेरची बाजू दुखते. दाराची मूठ फिरवताना, बाटलीचं झाकण उघडताना कळ येते.

शेवटचं लक्षण असेल तर बाकीच्या पायऱ्या बाजूला ठेवून आधी "कुठे थांबायचं" हा खालचा भाग वाचा. दुखणाऱ्या हाताने रॅकेटची परीक्षा करू नका. त्यातून काही कळत नाही, दुखणं मात्र वाढतं.

१. आधी चेंडू बदला

सांगायला संकोच वाटावा इतकी ही साधी गोष्ट आहे, पण कितीतरी तक्रारी इथेच मिटतात. पॅडलचा चेंडू टेनिसच्या चेंडूसारखाच दिसतो, त्याच्या आतला दाब मात्र थोडा कमी असतो. डबा उघडला की तो दाब हळूहळू उतरू लागतो. नियम असा आहे की २.५४ मीटर उंचीवरून कडक जमिनीवर सोडलेला चेंडू १३५ ते १४५ सेंटिमीटर उसळला पाहिजे, म्हणजे सोडलेल्या उंचीच्या निम्म्याहून थोडा वर. तुमच्या पिशवीतला चेंडू आणि नुकत्याच उघडलेल्या डब्यातला चेंडू एकाच उंचीवरून एकदम सोडा. फरक डोळ्यांनी दिसतो.

चेंडू मेलेला असला की लॉब तोकडा पडतो, माणूस जास्त ताकद लावतो, खांदा दुखतो आणि दोष रॅकेटवर येतो. ओले चेंडू त्याहून वाईट, कारण भिजलेल्या लोकरीमुळे चेंडू जड होतो आणि प्रत्येक फटक्याचा हिसका थेट हातात येतो.

हवामानही इथेच लक्षात घ्या. थंडीत चेंडू कमी उसळतो आणि रॅकेटच्या आतला फोम कडक होतो, उन्हात दोन्ही गोष्टी उलट होतात. उन्हाळ्यात आवडलेली रॅकेट थंडीत लाकडासारखी वाटली तर ती बिघडली असं समजू नका. ताजे चेंडू घेऊन दोनदा खेळा आणि मगच पुढच्या पायरीकडे वळा.

२. मूठ

टेनिसच्या रॅकेटला मुठीचे वेगवेगळे माप मिळतात. पॅडलमध्ये बहुतेक रॅकेटची मूठ कारखान्यातूनच बारीक येते आणि ती आपल्या हाताला बसवायचं काम ओव्हरग्रिपवर, म्हणजे मुठीवर गुंडाळायच्या पातळ पट्टीवर, सोडलेलं असतं. हे पुष्कळांना माहीतच नसतं. मोठ्या हाताचा माणूस मूळच्या बारीक मुठीवर महिनोन् महिने खेळत राहतो.

तपासायचं असं. फोरहँडला धरता तशी रॅकेट धरा. बोटांची टोकं आणि अंगठ्याखालचा मांसल भाग यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी जेमतेम मावली पाहिजे. बोटं तळहातात रुतत असतील तर मूठ बारीक आहे, एक ओव्हरग्रिप चढवा. तर्जनीच्या दोन्ही बाजूंना जागा उरत असेल तर मूठ जाड आहे, एक थर काढा.

हे महत्त्वाचं का, ते एकदा जवळून पाहिलं की विसरता येत नाही. माझ्या ओळखीचा एक खेळाडू रॅकेट मुठीत फिरते म्हणून हैराण झाला होता. तो सर्व्हिसची वाट बघत उभा असताना मी त्याच्या हाताकडे पाहिलं. चेंडू अजून समोरच्याच्या हातात होता, आणि याची बोटांची पेरं पांढरी पडली होती, मनगटापासून कोपरापर्यंतचे स्नायू दोरीसारखे ताठ झाले होते. मूठ बारीक असल्याने ती निसटू नये म्हणून तो तासभर तिला आवळून धरत होता. मूठ आवळताना मनगट सावरून धरणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जोडलेले असतात, म्हणून दुखणं तिथे उमटतं. दोन ओव्हरग्रिप चढवल्यावर पुढच्याच खेळात त्याची रॅकेट फिरायची थांबली. नवीन काही घ्यावं लागलं नाही.

घामाने गुळगुळीत झालेली जुनी ओव्हरग्रिपही हेच करते. चकाकायला लागली की बदला. आणि मनगटाची दोरी घालायचीच, नियमानेही ती सक्तीची आहे. दोरी मनगटावर आहे एवढ्या विश्वासावर पकड थोडी सैल सोडता येते, हा तिचा दुसरा फायदा.

३. रॅकेट जिवंत आहे का?

पॅडलच्या रॅकेटला तारा नसतात, त्यामुळे नव्याने ओवून ती ताजी करता येत नाही. आतला फोम दाबून दाबून थकतो आणि एके दिवशी चेंडू परत फेकणं सोडून देतो. हे हळूहळू होतं, म्हणून खेळणाऱ्याला कळत नाही.

शांत जागी बसा आणि बोटाच्या पेराने रॅकेटच्या दोन्ही बाजू सगळीकडे टकटक वाजवून पाहा. आवाज मधल्या भागात सर्वत्र साधारण सारखा यायला हवा. एखाद्या ठिकाणी अचानक भरीव "बद्द" किंवा खुळखुळल्यासारखा आवाज आला तर त्या जागी वरचा थर फोमपासून सुटला असण्याची शक्यता मोठी. मग कडेने नख फिरवा. नुसता रंगाचा ओरखडा असेल तर नख सरकत जातं. भेग असेल तर अडकतं, आणि अंगठ्याने दाबलं की ती जागा किंचित आत जाते. मुठीच्या वर जिथे रॅकेट दोन फाट्यांमध्ये विभागते ती जागा नीट बघा, तिथे भेगा लपलेल्या असतात. काच किंवा जमिनीवर आपटून फुटते ती वरची कड. प्रोटेक्टरची पट्टी लावली असेल तर ती उचलून बघा.

चौकटीला भेग असेल तर तपासणी इथेच संपली. अशा रॅकेटवर वजन, तोल, आकार यांचा विचार करण्यात अर्थ नाही. चिकटवून खेळत राहू नका. तुटलेल्या कार्बनच्या कुसळ्या हातात घुसतात आणि जोराच्या फटक्यात तुकडा उडू शकतो.

उन्हात बंद गाडीत रॅकेट ठेवायची सवय असेल तर तीही आजच मोडा. आतली उष्णता फोमला मऊ करते आणि वरचे थर जोडून ठेवणाऱ्या डिंकालाही सोसवत नाही.

४. खडूची परीक्षा

माझी सगळ्यात आवडती तपासणी ही. दोन-तीन चेंडूंवर पांढरा खडू चांगला घासा, रॅकेट ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा आणि जोडीदाराला म्हणा, दहा मिनिटं मला फक्त व्हॉली दे. चेंडू जिथे लागतो तिथे गोल ठसा उमटतो. फोनने फोटो काढा, पुसा. मग दहा मिनिटं मागच्या काचेवरून येणारे चेंडू, पुन्हा फोटो. शेवटी डोक्यावरचे फटके आणि तिसरा फोटो. मध्ये मध्ये खडू परत लावत राहा.

आता रॅकेटचा स्वीट स्पॉट, म्हणजे चेंडू सगळ्यात चांगला बसतो ती जागा, कुठे असते ते बघा. गोल रॅकेटमध्ये तो मध्यावर आणि ऐसपैस असतो. थेंबाच्या आकारात मध्याच्या किंचित वर. हिऱ्याच्या आकारात तो टोकाकडे सरकलेला आणि लहान असतो. टोकाकडे असल्यामुळेच तिथे नेमका लागलेला स्मॅश जबरदस्त जातो. नेमका लागला, तर.

एका उजव्या बाजूने खेळणाऱ्या बाईंच्या रॅकेटवरचे ठसे अजून डोळ्यांसमोर आहेत. रॅकेट हिऱ्याच्या आकाराची होती. व्हॉलीचे आणि काचेवरच्या फटक्यांचे जवळजवळ सगळे ठसे एका मुठीएवढ्या जागेत जमले होते. म्हणजे त्यांचा हात कमालीचा सातत्याचा होता. फक्त ती जागा स्वीट स्पॉटच्या चार बोटं खाली होती. शेजारच्या कोर्टवरून गोल रॅकेट मागून आणली, तीच परीक्षा घेतली, आणि ठसे बरोबर मध्यावर आले. तोवर त्या स्वतःलाच दोष देत होत्या, "माझ्या हातात जोरच नाही" म्हणून. जोर होता, तो रॅकेटच्या मेलेल्या भागावर वाया जात होता. हे कळल्यावर त्यांचा चेहरा जो उजळला, त्यासाठी मी ही परीक्षा कोणाहीसाठी कितीही वेळा घ्यायला तयार आहे.

ठसे वाचायची रीत अशी. एका जागी जमलेले, पण स्वीट स्पॉटपासून दूर: आकार चुकला आहे. सगळीकडे विखुरलेले: आकार बदलून थोडा फरक पडेल, पण खरं काम पायांचं आणि वेळेवर पोहोचण्याचं आहे, ते प्रशिक्षकाकडे. व्हॉलीत बरोबर आणि काचेवर विखुरलेले: काचेवरून येणारा चेंडू वाचणं जमत नाहीये, रॅकेट निर्दोष आहे. फक्त तिसऱ्या फोटोतच ठसे खाली सरकलेले: चेंडू खूप खाली येऊ देऊन मारता आहात.

५. वजन आणि तोल

वेष्टनावर वजनाचा एक पट्टा लिहिलेला असतो, ३६० ते ३७५ ग्रॅम वगैरे. त्यात तुमची रॅकेट कुठे बसते ते तुम्हालाच मोजावं लागतं, आणि त्यात ओव्हरग्रिपचं वजन नसतं. घरातल्या छोट्या डिजिटल काट्यावर ठेवा. हातात प्रत्यक्ष असलेलं वजन हेच खरं.

वजनाहून तोल महत्त्वाचा. रॅकेट आडवी धरून एका बोटावर किंवा पट्टीच्या कडेवर ठेवा, ती सरळ राहील तो बिंदू शोधा आणि मुठीच्या खालच्या टोकापासून तिथपर्यंतचं अंतर मोजा. साधारण २५ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर तोल हाताकडे, म्हणजे रॅकेट हलकी वाटणार. २६ च्या वर गेला की डोकं जड. हे एक सेंटिमीटर किती मोठं आहे ते पहिल्यांदा मोजणाऱ्याला पटत नाही. पण रॅकेट फिरवायला लागणारे कष्ट हातापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतात. वजनाचा एखादा कण दुप्पट दूर गेला तर तो फिरवायला चौपट कष्ट. म्हणून ३७० ग्रॅमची हाताकडे तोल असलेली रॅकेट नेटजवळ चपळ वाटते आणि ३६० ग्रॅमची डोकं जड असलेली रॅकेट तिसऱ्या सेटमध्ये उशिरा येते.

आनंदाची गोष्ट अशी की तोल बदलता येतो, आणि तेही जवळजवळ फुकटात. उदाहरण घ्या. रॅकेट ३६५ ग्रॅमची, तोल २६ सेंटिमीटरवर, आणि डोक्याच्या कडेवर १० ग्रॅमचा प्रोटेक्टर. तो काढला की वजन ३५५ होतं आणि तोल साधारण २५.५ वर येतो. त्यावर मुठीला ६ ग्रॅमची एक ओव्हरग्रिप चढवली की तोल २५.१ च्या जवळ. नऊ मिलिमीटरच्या आसपास फरक, आणि वजनही चार ग्रॅमने उतरलं. हिऱ्याच्या आकाराची रॅकेट हातात जवळजवळ थेंबासारखी वागायला लागते. स्वीट स्पॉट मात्र जागचा हलत नाही, म्हणून चौथ्या तपासणीत आकार चुकलेला निघाला असेल तर हा उपाय अर्धाच.

उलट बाजूने, स्मॅशमध्ये जोर कमी पडतो म्हणून डोक्यावर शिशाची पट्टी लावणारे पुष्कळ आहेत. लावायचीच असेल तर दोन-तीन ग्रॅमपासून सुरुवात करा आणि दोनदा पूर्ण खेळ खेळून पाहा. नुसत्या सरावातल्या चार स्मॅशवरून ठरवू नका. कोपराचा त्रास कधी झाला असेल तर ही पट्टी लावू नका, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

६. एका सेटचा कागद

इथवर काही सापडलं नाही, किंवा आकार चुकल्याचं कळलं, तर आता "माझी खेळण्याची शैली कोणती" या प्रश्नाकडे या. आणि तो स्वतःला विचारू नका. विचारलं तर प्रत्येक जण "आक्रमक" म्हणतो, कारण मारलेला स्मॅश लक्षात राहतो आणि शांतपणे परत दिलेले चेंडू विसरले जातात. बाहेर बसलेल्या मित्राला कागद-पेन द्या. पाच रकाने: काचेवरून किंवा मागून बचाव, लॉब, व्हॉली, बांदेहा-विबोरा (विबोरा म्हणजे बांदेहासारखाच, पण जास्त वेगाने आणि फिरकी देऊन मारलेला फटका), स्मॅश. एका सेटभर तुमच्या प्रत्येक फटक्याला एक रेघ. शक्य असेल तर चुकलेल्या फटक्याच्या रेघेवर फुली.

मी पाहिलेल्या कागदांपैकी बहुतेकांवर स्मॅशचा रकाना सगळ्यात रिकामा होता. यात नवल नाही. हा खेळच भिंतीतून जन्मला आहे. एन्रिके कोर्क्वेरा यांनी १९६९ मध्ये मेक्सिकोतल्या आकापुल्को इथे आपल्या घराच्या आवारात भिंती असलेलं कोर्ट बांधलं आणि तिथून पॅडल सुरू झालं. आजचं कोर्ट २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं, एका जोडीच्या वाट्याला १० बाय १० ची जागा, मागे काच. एवढ्या जागेत मारलेला चेंडू परत येतच राहतो. गुण जिंकून देतो तो पुष्कळदा एक जास्तीचा परत दिलेला चेंडू.

कागद असा वाचा. बचाव आणि लॉब यांच्या रेघा जास्त, फुल्याही तिथेच: गोल आकार, तोल हाताकडे, आतला फोम मऊ किंवा मध्यम. काचेवरून येणाऱ्या चेंडूला स्वतःचा वेग फारसा उरलेला नसतो आणि तुम्हालाही मोठा स्विंग घ्यायला जागा नसते. अशा वेळी मऊ फोम थोडक्या जोरात दबतो आणि चेंडू परत ढकलतो, लॉबला लांबी मिळते.

व्हॉली आणि बांदेहा जास्त, फुल्या पसरलेल्या: थेंबाचा आकार, मध्यम तोल. बांदेहा म्हणजे स्पॅनिशमध्ये ट्रे. ट्रे धरल्यासारखी रॅकेट उचलून कापत मारलेला हा फटका ताकदीचा नाही, नेटजवळची जागा राखण्याचा आहे, आणि त्याला हातातली रॅकेट आज्ञाधारक लागते. पुष्कळ दिवस खेळणाऱ्या माणसाला डोळे झाकून एकच आकार सांगायचा झाला तर मी थेंबच सांगेन. जगातल्या सर्वांत आक्रमक खेळाडूंपैकी एक असलेल्या अगुस्तिन तापिया याच्या नावाची प्रसिद्ध रॅकेटसुद्धा थेंबाच्याच आकाराची आहे.

स्मॅश आणि विबोरा यांच्या रेघा खरोखरच भरपूर, आणि फुल्या कमी: हिऱ्याचा आकार तुमच्यासाठी आहे, आनंदाने घ्या. पण दोन्ही अटी पाहिजेत. नुसत्या रेघा भरपूर आणि त्यावर फुल्याही भरपूर, तर ते हिऱ्याचं लक्षण नाही.

कुठल्या बाजूने खेळता हेही कागदावर लिहा. उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या जोडीत मधला उंच चेंडू डाव्या बाजूच्याच्या फोरहँडला येतो, म्हणून डोक्यावरचे फटके त्याच्या वाट्याला जास्त. उजव्या बाजूचा जोडीदार खेळ बांधतो, चेंडू खाली ठेवतो, लॉब देतो. डावखुरा खेळाडू असेल तर हे उलटतं. बाजू बदलल्यावर रॅकेट आवडेनाशी झाली अशी तक्रार मी बऱ्याचदा ऐकली आहे. रॅकेट तीच असते, तिच्याकडून मागितलेलं काम बदललेलं असतं.

७. मागून आणून खेळा, मग घ्या

सगळ्यात वेळखाऊ पायरी, आणि टाळली जाते तीही हीच. नियमाने रॅकेट ४५.५ सेंटिमीटरपेक्षा लांब, २६ पेक्षा रुंद आणि ३८ मिलिमीटरपेक्षा जाड असू शकत नाही. सगळ्या बनवणाऱ्यांना याच चौकटीत काम करावं लागतं, त्यामुळे फरक उरतो तो आकार, तोल, आतला फोम आणि वरचा थर यांत. एका वेळी यातली एकच गोष्ट बदला. गोल-मऊ सोडून एकदम हिरा-कडक घेतली तर आवडलं काय आणि खटकलं काय, सांगताच येणार नाही.

मागून आणलेली रॅकेट पहिल्या दहा मिनिटांत जोखू नका. ताज्या हाताला सगळंच छान वाटतं. शेवटच्या अर्ध्या तासात, पाय जड झाल्यावर, तिच्याने लॉब देऊन बघा आणि नेटजवळ अंगावर मारलेले चेंडू अडवून बघा. तिथे जी साथ देते ती तुमची.

वरच्या थराबद्दल दोन शब्द. काचतंतूचा थर लवचिक असतो, हळू फटक्याला मदत करतो आणि हाताला मवाळ लागतो. कार्बन ताठ असतो. त्यावरचा ३के, १२के, १८के हा आकडा म्हणजे एका धाग्याच्या जुडीत किती हजार तंतू आहेत तो, इतकंच. आकडा मोठा म्हणजे रॅकेट कडक किंवा चांगली असं समीकरण नाही. किती थर आहेत, राळ कोणती आणि खाली फोम कसा आहे यावर सगळं ठरतं. खरखरीत पृष्ठभागाने चेंडूला थोडी जास्त फिरकी मिळते, पण वापरून तो गुळगुळीत होतो, म्हणून फक्त तेवढ्यासाठी रॅकेट निवडू नका.

फोमबाबत माझा अनुभव ठाम आहे. ज्यांचा फटका मुळात जोरात बसतो त्यांना मऊ फोम आवरत नाही. चेंडू कधी कुठे सुटेल ते कळत नाही आणि व्हॉली लांब जाते, म्हणजे लक्षणांच्या यादीतली दुसरी तक्रार. त्यांना मध्यम किंवा कडक द्यावा. बाकी सगळ्यांनी कडक फोमपासून दूर राहावं, निदान एक-दोन वर्षं. कडक रॅकेटला चेंडू परत फेकायला तुमच्याकडून वेग लागतो, आणि तो दिला नाही तर कष्ट हाताला पडतात.

कुठे थांबायचं

कोपराची बाहेरची बाजू दुखत असेल तर खेळ थांबवा. दोन आठवडे विश्रांती घेऊनही दुखणं तसंच असेल, किंवा खेळायला लागताच परत येत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा येणं, हातातून वस्तू निसटणं, रात्री दुखण्याने जाग येणं, कोपर सुजणं किंवा पूर्ण सरळ न होणं, यातलं काहीही असेल तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका. मऊ, हलकी, गोल रॅकेट दुखरा हात बरा झाल्यावर त्याला जपते, तो बरा करत नाही. पट्टा बांधून, गोळी घेऊन रॅकेटची चाचणी घेणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यातले काही पुढे कितीतरी महिने खेळू शकले नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं, कारण थांबायची वेळ त्यांना कळलेली होती.

दोन वेगवेगळ्या आकारांच्या रॅकेटवर खडूचे ठसे विखुरलेलेच राहिले तर रॅकेट शोधणं बंद करा आणि प्रशिक्षकाकडे तीन-चार तास घ्या. जाताना ते फोटो आणि सेटचा कागद बरोबर न्या. चांगला प्रशिक्षक त्यावरून पहिल्याच तासात काम सुरू करू शकतो.

रॅकेट टकटकल्यावर "बद्द" वाजत असेल आणि अजून हमीच्या मुदतीत असेल तर ती उघडण्याचा, भोकांतून डिंक सोडण्याचा प्रयत्न करू नका. जिथून घेतली तिथे तशीच परत न्या. हात लावलेली रॅकेट सहसा कोणी बदलून देत नाही.

आणि नवी घेतलीत तर जुनी, भेग नसलेली, लगेच कोणाला देऊ नका. महिनाभर पिशवीत ठेवा. नव्या रॅकेटवर काही खटकलं की त्याच दिवशी, त्याच चेंडूंनी जुनीने दहा मिनिटं खेळून बघा. तक्रार दोन्हींवर सारखीच आली, तर पहिल्या पायरीवर परत या आणि चेंडूंचा नवा डबा उघडा.